मोटारीचा पासंग

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेत बाजारभाव, करांचे कायदे, गोदामांची व्यवस्था अशा विषयांवर जाणकार सभासदांचे लेख दरवर्षी येत असतात. अशा अंकात धान्याच्या एका घाऊक व्यापाऱ्याने मोटारीच्या स्टीअरिंगवर लिहावे, हे वाचकांस प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. तथापि ज्यांचे आयुष्य काट्यापुढे गेले त्यांस हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. ताजव्याची दोन्ही पारडी रिकामी असता दांडी एका अंगास कलली, तर त्या दोषाला आपण पासंग म्हणतो. सपाट, सरळ रस्त्यावर स्टीअरिंग हलक्या हाताने धरले असता मोटार आपण होऊन एका बाजूस जाऊ लागली, तर तो मोटारीचा पासंगच होय.

हलक्या पारड्यात खडा टाकला की ताजव्याची दांडी सरळ दिसते. परंतु दांडीचे दोन हातच लहानमोठे असतील, तर रिकाम्या पारड्यांवर झाकलेला दोष माल पडताच पुन्हा उघडा पडतो. मोटारीच्या बाबतीतही असे खडे टाकण्याची रीत फार आहे. दोष एका ठिकाणी असतो, दुरुस्ती दुसऱ्या ठिकाणी होते. गाडी चार दिवस सरळ चालल्यासारखी भासते व पुन्हा ओढू लागते. म्हणून आम्हास या लेखात सांगावयाचे ते एवढेच : मोटारीचा पासंग झाकू नये, शोधावा, आणि शोधताना फुकटची परीक्षा आधी, खर्चाची मागून, व एका वेळी एकच बदल, हा क्रम सोडू नये.

जुनी लहान गाडी आणि आपली घरे

१४ डिसेंबर १९८३ रोजी गुरगाव येथे पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० गाडीची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली. तीन सिलिंडरांचे ७९६ सी. सी. चे इंजिन, १२ इंची चाके व पुढच्या चाकांना मिळणारी ओढ, अशी ही चिमुकली गाडी पुढे मध्यमवर्गाच्या घराघरांत गेली. एप्रिल २०१० पासून हैदराबादसह मोठ्या शहरांतील तिची विक्री थांबली व जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादनच बंद झाले. तरीही आम्ही राहतो त्या तारनाक्याच्या गल्ल्यांतून, हबशीगुडा व लालापेठ या बाजूंना, निवृत्त प्राध्यापक, रेल्वेतील नोकरदार व आपल्यासारखे व्यापारी यांच्या दारांत ती आजही उभी दिसते. आपल्या पुष्कळ सभासदांकडे मोठी नवी गाडी आहे. पण मंदिरास, भाजी बाजारास किंवा शिकवणीस जाण्यासाठी घरातील माणसे जिचा भरवसा धरतात ती बहुधा हीच जुनी गाडी असते.

नोव्हेंबर २०१७ मध्ये मेट्रो तारनाक्यास आली. तेव्हापासून बाजारात जाणारे पुष्कळ जण रेल्वेने जातात व गाडी आठवडा आठवडा जागची हलत नाही. रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा उभ्या गाडीचे सांधे लवकर आखडतात, हे ध्यानी ठेवावे. शिवाय १५ वर्षे पुरी झालेल्या गाडीची नोंदणी तपासणी करून दर ५ वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. म्हणून जुनी गाडी ठेवणाऱ्याने ती समजून घेऊनच ठेवली पाहिजे.

दोषाची ओळख

गिऱ्हाईक 'माल खराब आहे' असे म्हणते तेव्हा आपण त्यास विचारतो, ओल आहे, कीड आहे, की भेसळ आहे? त्याचप्रमाणे 'गाडी ओढते' एवढे म्हणून भागत नाही. निरनिराळ्या चार तक्रारी या एकाच नावाखाली सांगितल्या जातात.

गाडी सतत एकाच बाजूस जाते, ही खरी ओढ. कधी डावीकडे, कधी उजवीकडे जाते व सारखे सावरावे लागते, ते भरकटणे. त्याचे मूळ बहुधा ढिल्या सांध्यांत असते. गाडी सरळ जाते पण स्टीअरिंगचे चाक वाकडे धरावे लागते, ही केवळ जोडणीतील चूक होय. आणि ब्रेक दाबताच एका बाजूस झेप घेते, तो ब्रेकचा दोष समजावा. या शेवटच्या तक्रारीत एक दिवसही दवडू नये. यांखेरीज केवळ ॲक्सिलरेटर दाबल्यावर ओढते व पाय काढताच थांबते, असेही कधी घडते. पुढच्या चाकांवर ओढ असलेल्या गाडीत त्याचे कारण इंजिनाचे माउंटिंग, खालच्या आर्मचे बुश किंवा चाकांस फिरविणारे दांडे यांत शोधावे.

ओढ केव्हा सुरू होते, किती वेगात वाढते, गाडी थंड असताना होते की तापल्यावर, ब्रेक दाबल्याने तीत काय फरक पडतो, हे चार प्रश्न गाडी चालविणाऱ्याने आधी स्वतःस विचारून उत्तरे कागदावर लिहून काढावीत. या उत्तरांनी निम्मा शोध घरबसल्या होतो.

रस्ता, हवा आणि टायर

पहिला संशय गाडीचा नव्हे, रस्त्याचा घ्यावा. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्त्यास कडेकडे उतार ठेवलेला असतो. तो साधारण दर ५० फुटांस १ फूट असतो. आपल्या देशात वाहने डाव्या बाजूने चालतात, म्हणून निर्दोष गाडीही अशा रस्त्यावर किंचित डावीकडे उतरते. तारनाक्याहून उप्पलकडे जाणाऱ्या रस्त्यासारख्या, मध्ये मेट्रोचे खांब व दुभाजक असलेल्या रस्त्यावर जाताना व येताना दोन्ही वेळा उतार बहुधा डावीकडेच मिळतो. त्यामुळे उलट दिशेने येऊन पाहिले तरी निर्णय होत नाही. परीक्षेसाठी पहाटे, रहदारी नसताना, खरोखर सपाट व मोकळी जागा पाहावी. स्टीअरिंगवरील हात पूर्णपणे कधीही काढू नयेत. बोटे सैल सोडली तरी पुरते. त्या वेळी गाडीत माल ठेवू नये. एका अंगास ठेवलेले ५० किलोंचे पोते हेही लहान गाडीस एक वजनच आहे.

दुसरी परीक्षा हवेची. गाडी चालविण्यापूर्वी, टायर थंड असताना, चारही चाकांची हवा मोजावी. पुढच्या एका चाकात ३० पौंड व दुसऱ्यात २२ पौंड हवा असेल, तर गाडी २२ पौंडांच्या बाजूस ओढणारच. कारण दबलेला टायर जमिनीस अधिक चिकटून फिरतो व मागे राहतो. पेट्रोल पंपावरचे हवेचे काटे एकमेकांशी नेहमी जुळतात असे नाही. स्वतःचा एक लहान काटा गाडीत ठेवावा, व गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याप्रमाणे दोन्ही बाजूंस सारखी हवा भरावी. महिनाभराने एकच चाक पुन्हा उतरलेले दिसले, तर तेथे बारीक पंक्चर किंवा गळका व्हॉल्व्ह आहे असे समजावे.

तिसरी परीक्षा टायरची, आणि ही फार थोडे लोक करतात. टायर तयार होताना त्याच्या आतील थर केसभर एका बाजूस सरकले, तर तो बाहेरून गोल दिसला तरी आतून किंचित शंकूच्या आकाराचा होतो. किराणा दुकानातील कागदी पुडी टेबलावर ढकलून पाहावी. ती सरळ न जाता आपल्या टोकाभोवती वळते. तसाच हा टायर गाडीस वळवितो. डोळ्यांनी हा दोष दिसत नाही. तो काढण्याचा उपाय मात्र अगदी सोपा आहे. पुढची दोन चाके एकमेकांच्या जागी बसवावीत व पुन्हा त्याच रस्त्याने जावे. डावीकडची ओढ उजवीकडे गेली, तर दोष टायरचा. ओढ जशीच्या तशी राहिली, तर टायर निर्दोष, पुढे चालावे. ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण छापलेला असतो तो मात्र उजवा-डावा करू नये. तो त्याच बाजूच्या मागच्या चाकाशी बदलून पाहावा. कोणत्या चाकाची कोणती जागा होती ते आतल्या बाजूस खडूने लिहून ठेवावे.

टायरचे वयही पाहावे. त्याच्या बाजूस एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. '२३१९' असे असेल तर तो २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला, असा त्याचा अर्थ. कमी चालणाऱ्या गाडीचा टायर झिजलेला नसतो, पण रबर कडक होऊन बाजूस बारीक भेगा पडलेल्या असतात. एका बाजूस नवा व दुसऱ्या बाजूस आठ वर्षांचा टायर अशी जोडी पुढे कधीही ठेवू नये.

तापलेले चाक

इथपर्यंत पै खर्च नाही. यापुढची परीक्षा ब्रेकची, आणि सर्व परीक्षांत महत्त्वाची हीच. तिचे महत्त्व आमच्याच घरच्या गाडीवरून सांगतो.

आमची मारुती १९९८ सालची आहे. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले, पुढे नव्या गाड्यांवर 'टीएस' व २०२४ पासून 'टीजी' ही अक्षरे आली; आमच्या पाटीवर मात्र अजून 'एपी' आहे. ही गाडी डावीकडे ओढू लागली तेव्हा आमच्या थोरल्या चिरंजिवांनी ती एका कारखान्यात दिली. तेथे यंत्रावर चाकांची अलाइनमेंट झाली व सर्व आकडे हिरव्या रंगात छापलेला कागद हाती आला. पंधरा दिवसांनी तक्रार कायम, म्हणून पुन्हा तेच काम व पुन्हा तसाच कागद. तिसऱ्या खेपेस खालचे दोन्ही आर्म व स्टीअरिंगचा रॅक बदलण्याचे अंदाजपत्रक आले. त्याच आठवड्यात आमच्या मातोश्री, सूनबाई व दोन नातवंडे यांनी त्याच गाडीतून कोलनुपाक येथील कुलपाकजी तीर्थास जाण्याचे ठरविले होते. उप्पल, घटकेसर, भोनगीर व आलेर या मार्गाने एका दिशेस सुमारे ७५ किलोमीटरांचा तो रस्ता. आणि त्यावर मालमोटारींची रहदारी अखंड.

अंदाजपत्रकावर सही करण्यापूर्वी आम्ही लालागुड्याच्या बाजूच्या एका वृद्ध मिस्त्रींना बोलाविले. त्यांनी पाना हाती घेण्याआधी चिरंजिवांस वर लिहिलेलेच प्रश्न विचारले. उत्तरात निघाले ते असे : घरून निघताना गाडी सरळ असते, उप्पल ओलांडल्यावर ओढू लागते, व वाटेत अर्धा तास उभी केली की पुन्हा सरळ होते. मिस्त्री हसून म्हणाले, "ठंडी गाडी सीदी, गरम गाडी टेढी. मशीन तो ठंडी गाडी देखी ना, सेठ!" यंत्राने पाहिली ती उभी व थंड गाडी, दोष होता तो चालत्या व तापलेल्या गाडीत.

मग त्यांनी गाडी सात-आठ किलोमीटर चालवून आणली, शेवटी शक्यतो ब्रेक न दाबता सावकाश थांबविली, व प्रत्येक चाकाजवळ तळहात नेऊन पाहिला. चाकाला हात लावू नये, भाजतो. जवळ नेला तरी समजते. उजवे चाक कोमट होते, डाव्या पुढच्या चाकातून भट्टीसारखी धग येत होती. ब्रेक दाबून सोडल्यावरही त्या चाकाचा ब्रेक सुटत नव्हता. एक चाक सतत धरून ठेवलेली गाडी त्या बाजूस ओढेल, यात नवल ते काय?

पुढचा निर्णयही पाहण्यासारखा होता. मागच्या चाकांस दगड लावून, जॅक व खाली भक्कम टेकू देऊन पुढचा भाग उचलला. डावे चाक हाताने फिरेना. मिस्त्रींनी ब्रेकच्या तेलाचा निपल जरासा ढिला करताच तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळे झाले. याचा अर्थ तेल आत अडकून पडले होते. वर्षानुवर्षांच्या वापराने रबरी नळी आतून फुगली होती. पायाच्या जोराने तेल पुढे जाई, पण मागे येत नसे. निपल ढिला करूनही चाक सुटले नसते, तर दोष कॅलिपरच्या पिस्टनचा किंवा गंजून आखडलेल्या पिनांचा ठरला असता. उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हा दुसरा प्रकार अधिक आढळतो.

दोन्ही बाजूंच्या नळ्या व पॅड बदलले, जुने तेल काढून नवे भरले, आणि ओढ गेली. आर्म व रॅक आजही जुनेच आहेत. यात पैसे वाचले ही गोष्ट गौण समजावी. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते, व ओल शिरलेले तेल कमी उष्णतेवर उकळते. सतत तापणाऱ्या चाकात तेल उकळले की त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, व पाय थेट तळाला जाऊनही गाडी थांबत नाही. मालमोटारीच्या मागे, नातवंडे गाडीत असताना हे घडते तर काय झाले असते, याचा विचार वाचकांनीच करावा. यात्रा पुढच्या रविवारी निर्विघ्न पार पडली. सभासदांनी दर दोन वर्षांनी ब्रेकचे तेल बदलून घेण्याचा नेम ठेवावा, हे येथे आग्रहाने सांगतो.

यंत्राचा कागद काय सांगतो

मग अलाइनमेंटचे यंत्र निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. पण काट्यावर काय तोलता येते व काय नाही हे जसे माहीत असावे लागते, तसेच यंत्राचे आहे. ते मुख्यतः तीन गोष्टी मोजते.

पहिली टो. वरून पाहिले असता पुढच्या दोन चाकांची तोंडे एकमेकांकडे वळली आहेत की बाहेर, हे तीत कळते. ती चुकली तर टायरच्या कडा आरीसारख्या झिजतात व स्टीअरिंगचे चाक वाकडे बसते. पण गाडी सहसा एका बाजूस ओढत नाही, कारण चालताना दोन्ही चाके ती चूक आपसांत वाटून घेतात. दुसरी कॅम्बर, म्हणजे समोरून पाहता चाकाचे कलणे. कललेले नाणे जमिनीवर सोडले तर ते कलाच्या बाजूस वळत जाते. त्याचप्रमाणे ज्या चाकाचा माथा अधिक बाहेर झुकला असेल त्या बाजूस गाडी ओढते. तिसरी कॅस्टर. चहाच्या ट्रॉलीचे फिरते चाक आपल्या खुंटीच्या मागे ओढले जाते व म्हणून सरळ राहते. मोटारीच्या चाकासही बाजूने पाहता असाच तिरपा आस दिलेला असतो. दोन बाजूंची ही तिरप सारखी नसेल, तर जिकडे ती कमी तिकडे गाडी जाते.

आता मर्म ध्यानी घ्यावे. मारुती ८०० या गाडीत कारखान्याने जुळवून घेण्यास सोय दिली आहे ती केवळ टोची. कॅम्बर व कॅस्टर फिरविण्यास तीत पेच नाही. ते चुकलेले दिसले तर काही तरी वाकले, झिजले किंवा सरकले आहे, एवढेच यंत्र सांगते. तेव्हा 'अलाइनमेंट केली, ओढ गेली' असे या गाडीबद्दल कोणी म्हणेल, तर टो फिरवून ओढ कशी गेली, हे त्यास अवश्य विचारावे. कागद मागताना 'आधी' व 'नंतर' असे दोन्ही आकडे मागावेत, आणि डाव्या-उजव्या बाजूंच्या कॅम्बर व कॅस्टरमधील फरक पाहावा. तोच कागदाचा खरा उपयोग. आणि हवा, टायर व ब्रेक तपासल्याशिवाय यंत्रावर जाऊ नये; पासंग न काढता माल तोलण्यासारखेच ते आहे.

वाकलेले, झिजलेले, सरकलेले

हैदराबादेत पावसाळ्यात रस्त्याचा खड्डा व पाण्याचे डबके यांत भेद कळत नाही. डावे चाक खड्ड्यात जोराने आपटले की खालचा आर्म मागे ढकलला जातो, कॅस्टर कमी होतो, व गाडी डावीकडे ओढू लागते. घरच्या घरी याची एक परीक्षा आहे. स्टीअरिंग अगदी सरळ ठेवून, सपाट फरशीवर, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी फितीने मोजावे. मारुती ८०० चे हे अंतर २१७५ मिलिमीटर आहे. दोन्ही बाजूंस ते सारखे भरले पाहिजे. एका बाजूस स्पष्ट कमी भरले, तर त्या बाजूचे काही तरी मागे सरकले आहे किंवा मागचा आस पुढे आला आहे.

मागचा आस तिरका बसला असल्यास गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते. जमिनीवर पाणी ओतून त्यावरून सरळ जावे व ओल्या खुणा पाहाव्यात. मागच्या चाकांच्या खुणा पुढच्यांच्या मानाने एकाच बाजूस सरकलेल्या दिसल्या, तर मागच्या आसाचे बुश पाहावेत. हा दोष पुढच्या चाकांत शोधणारे थकून जातात.

सांध्यांची परीक्षा जाणत्या मिस्त्रीकडूनच करवावी. उचललेले चाक घड्याळातील १२ व ६ या जागी धरून हलविले असता खडखडले, तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. ३ व ९ या जागी धरून खडखडले, तर टाय रॉडचे टोक. उजवीकडे वळून आल्यावर गाडी उजवीकडे व डावीकडे वळून आल्यावर डावीकडे ओढत असेल, तर शॉकअब्सॉर्बरच्या माथ्यावरील बेअरिंग किंवा एखादा बॉल जॉइंट आखडला आहे. बॉल जॉइंट ढिला झाल्याचे कळल्यावर 'पुढच्या महिन्यात पाहू' असे कोणीही म्हणू नये. तो निखळला तर चाक जागेवर राहत नाही.

जुन्या फियाटबद्दल दोन शब्द

आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीत मोटार म्हटली की फियाट. ती ज्या कारखान्यातून आली तो कुर्ल्याचा प्रीमिअर ऑटोमोबाईल्स हा कारखाना उभारणारे शेठ वालचंद हिराचंद हे सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातले. त्यांचा जन्म १८८२ चा. ही कंपनी त्यांनी १९४४ मध्ये स्थापिली व १९५३ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या पश्चात फियाट ११०० या गाडीने घरोघरी स्थान मिळविले व पुढे १९७४ मध्ये तिला प्रीमिअर पद्मिनी हे नाव मिळाले. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी नाहीशी झाली. तथापि काही सभासदांच्या वाड्यांत वडिलांची आठवण म्हणून ही गाडी जपलेली आम्हास ठाऊक आहे. त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, फियाटची ओढ मागच्या चाकांवर आहे व जुन्या गाडीच्या चारही चाकांस ड्रमचे ब्रेक आहेत. प्रत्येक ड्रममधील शू वेळोवेळी सारखे जुळवावे लागतात. एका चाकाचा शू जवळ व दुसऱ्याचा दूर राहिला, किंवा सिलिंडरातून गळलेले तेल एका शूवर पडले, की ब्रेक दाबताच गाडी एका अंगास जाते. तेव्हा फियाट ओढत असल्यास ड्रम उघडूनच पुढचा विचार करावा.

वही ठेवावी

शेवटी एक सूचना, जी व्यापारी माणसास निराळी सांगण्याची गरज पडू नये. गाडीचे एक लहानसे खाते ठेवावे. तारीख, किलोमीटरचा आकडा, चारही चाकांची हवा, कोणता टायर केव्हा घेतला, ब्रेकचे तेल केव्हा बदलले, आणि ओढीची तक्रार असल्यास कोणता बदल केल्यावर काय फरक पडला, हे तीत लिहावे. एका दिवशी हवा भरली, टायर बदलले व अलाइनमेंटही केली, आणि ओढ गेली, तर कशाने गेली हे कोणासही सांगता येत नाही; ती परत आली म्हणजे तिन्ही खर्च पुन्हा करावे लागतात. एका वेळी एकच बदल केला, तर प्रत्येक नोंद कायमची उपयोगी पडते. दुरुस्तीत निघालेला जुना भागही परत मागून पाहावा. प्रामाणिक मिस्त्री तो आनंदाने दाखवितो व दोष कोठे होता हे समजावूनही सांगतो. अशा मिस्त्रीची मजुरी घासाघीस न करता द्यावी. त्याने न बदललेल्या भागांची किंमत त्याच मजुरीत भरून निघालेली असते.

घरातील ज्या माणसास गाडीचे ज्ञान नाही, तीच बहुधा रोज गाडीत बसते, व ओढीची तिला हळूहळू सवय होऊन जाते. हात आपोआप उलट बाजूस जोर देऊ लागतो व दोष आहे हे ध्यानातच राहत नाही. म्हणून महिन्यातून एकदा घरातील कर्त्या माणसाने जुनी गाडी स्वतः चालवून पाहावी, आणि परत आल्यावर चारही चाकांजवळ तळहात नेऊन पाहावा. यास पाच मिनिटे लागतात. सभासद बंधू-भगिनींनी हा नेम येत्या वर्षापासून आपल्या घरी सुरू करावा, अशी नम्र विनंती करून व सर्वांचा प्रवास सुखरूप होवो अशी इच्छा प्रकट करून हा लेख येथेच पुरा करतो.